कच्च्या आहारातील धान्य आणि कडधान्य : अग्नी टाळण्याच्या मर्यादा

प्राणिजन्य पदार्थ पूर्णपणे वर्ज्य मानणाऱ्या, म्हणजे मांस-मासळीबरोबर दूध, तूप, मधही नाकारणाऱ्या आहाराला आज ‘व्हीगन’ आहार म्हणतात. हे नाव १९४४ मध्ये इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केले. या आहाराचाच एक अधिक कडक प्रकार म्हणजे कच्चा व्हीगन आहार. कोणताही पदार्थ साधारणपणे ४२ ते ४८ अंश सेल्सिअसच्या वर तापवू नये, असा त्याचा नियम असून ही मर्यादा निरनिराळे पंथ थोडी वर-खाली धरतात. येथे दोन निषेध एकत्र आलेले आहेत आणि त्यांची मुळे वेगळी आहेत. प्राण्यांना इजा होऊ नये हा पहिल्या निषेधामागचा विचार नैतिक आहे, तर तापवल्याने अन्नाचे सत्त्व नष्ट होते हा दुसऱ्यामागचा दावा आरोग्यविषयक, म्हणजे तपासून खरा-खोटा ठरवता येण्याजोगा आहे. फळे, पालेभाज्या, काकडी, गाजर यांच्या बाबतीत हे दोन निषेध एकत्र पाळणे अवघड जात नाही. प्रश्न उभा राहतो तो धान्य आणि कडधान्यांपाशी. कारण दूध सोडलेल्या माणसाला त्यांची गरज सर्वांत जास्त असते आणि अग्नीची गरज सर्वांत जास्त असणारे अन्नही तेच असते. कच्च्या आहाराचा ‘समतोल’ साधायचा असेल तर न तापवण्याचा सरसकट नियम सोडून प्रत्येक दाण्याची स्वतंत्र परीक्षा करावी लागते, आणि अशी परीक्षा सुरू झाली की ‘कच्चे’ हे तत्त्व न राहता अनेक उपायांपैकी एक उपाय उरतो, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

धान्य-कडधान्ये वगळून हा पेच टाळता येईल, असे काही कच्चाहारवाद्यांना वाटते. अमेरिकेतील हर्बर्ट शेल्टन यांच्या नैसर्गिक आरोग्यपंथाने धान्याकडे संशयाने पाहिले, आणि त्याच वळणाच्या पुढील लेखकांनी फळे व पाला यांवर जवळजवळ सगळी भिस्त ठेवणारे आहार सुचवले. यातील अडचण साध्या हिशेबानेही दिसते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत, म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. केळ्यासारख्या फळात १०० ग्रॅममागे एक ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. पालेभाज्यांत ती दोन-तीन ग्रॅम असली तरी पाला किलोकिलोने खाता येत नाही. बदाम, अक्रोड, तीळ, शेंगदाणे यांनी ही उणीव बरीच भरून निघते. पण त्यांत स्निग्धांश इतका असतो की केवळ त्यांच्यावर प्रथिनांची गरज भागवू गेल्यास आहार तेलकट होतो आणि खर्चिकही. शिवाय तृणधान्यांच्या प्रथिनांत लायसिन या आवश्यक अमिनो आम्लाची कमतरता असते, कडधान्यांत मिथिओनिनची. दोन्ही एकत्र आल्याने एकाची उणीव दुसरे भरून काढते. वरण-भात, खिचडी, भाकरी-उसळ या जोड्या शेकडो वर्षे टिकल्या त्या याच बळावर. त्या मोडून केवळ फळांवर राहणारा आहार संतुलित म्हणवून घेऊ शकत नाही.

मग धान्य-कडधान्ये कच्चीच का खाऊ नयेत, याचे उत्तर दाण्याच्या स्वभावात आहे. आंब्याचा किंवा पेरूचा गर प्राण्याने खावा आणि बी दूर नेऊन टाकावी, यातच झाडाचा लाभ असतो. म्हणून पिकलेले फळ गोड, मऊ आणि सुवासिक होते. बी स्वतः मात्र खाल्ली जाण्यासाठी नसते. तिच्यात पुढच्या रोपाची शिदोरी बांधलेली असते आणि किडी, बुरशी व प्राणी यांच्यापासून ती राखण्यासाठी रासायनिक पहाराही बसवलेला असतो. प्रथिने पचवणाऱ्या ट्रिप्सिन या स्वादुपिंडाच्या विकराला अडवणारी द्रव्ये, आतड्याच्या पेशींना चिकटून त्यांना इजा करणारी लेक्टिन नावाची प्रथिने, तुरटपणा आणणारी टॅनिने आणि लोह व जस्त यांना जखडून ठेवणारे फायटिक आम्ल हे या पहाऱ्याचे मुख्य घटक होत. (विकर म्हणजे शरीरातील किंवा वनस्पतीतील रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन.) फायटिक आम्लाचे मूळ काम रोपासाठी फॉस्फरस साठवण्याचे असले तरी खाणाऱ्याच्या दृष्टीने त्याचा परिणाम खनिजे हिरावण्याचाच होतो. याखेरीज पिष्ट, म्हणजे स्टार्च, दाण्यात घट्ट, स्फटिकासारख्या कणांच्या रूपात रचलेले असते आणि पाण्यासह पुरेसे तापल्याशिवाय ते कण फुगून मोकळे होत नाहीत. गव्हाच्या पिष्टाच्या बाबतीत ही क्रिया साठ अंशांच्या आसपास घडते. म्हणजे कच्च्या आहाराने आखलेली उष्णतेची मर्यादा नेमकी तिच्या अलीकडे संपते.

माणसाने हा पहारा उठवण्याचे उपाय फार पूर्वी शोधून काढले. भिजवणे, मोड आणणे, आंबवणे, सोलणे, भाजणे आणि शिजवणे हे ते उपाय असून बहुतेक स्वयंपाकघरांत त्यांतले दोन-तीन एकापाठोपाठ वापरले जातात. मुगाला मोड आणण्याची रीत जवळून पाहिली तर तिच्यातला प्रत्येक टप्पा कामाचा दिसतो. मूग निवडून, दोन-तीन पाण्यांनी धुऊन आठ-दहा तास भिजत घालतात. या अवधीत दाणा दुप्पट फुगतो आणि पोटात वायू करणाऱ्या रॅफिनोज, स्टॅकिओज या शर्करांचा काही भाग पाण्यात उतरतो, म्हणून ते पाणी ओतून द्यायचे असते. मग मूग उपसून, ओलसर फडक्यात बांधून उबेच्या जागी ठेवतात. भिजूनही टणक राहिलेले गणंग दाणे याच वेळी हाताला लागतात आणि वेचून काढले जातात. बारा ते चोवीस तासांत पांढरा मोड बाहेर येतो. तोपर्यंत दाण्याच्या आत विकर जागे झालेले असतात : अमायलेझ पिष्टाचे शर्करेत रूपांतर करू लागते, फायटेझ फायटिक आम्ल तोडू लागते, साठवणीतली प्रथिने रोपासाठी सुटी होऊ लागतात. ही पूर्वतयारी झाल्यावर मराठी घरात मुगाची उसळ शिजते. कच्चाहारवादी मात्र येथेच थांबतो आणि मोड आलेला दाणा ताटात घेतो.

या टप्प्यावर थांबण्याचे काही खरे फायदे आहेत आणि ते नाकारणे अन्यायाचे होईल. कोरड्या दाण्यात क जीवनसत्त्व जवळजवळ नसते. मोड येताना ते नव्याने तयार होते आणि उष्णतेने त्याचा मोठा भाग जातो. पहिल्या महायुद्धाच्या काळात स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावी हिरड्या सुजवून रक्तस्राव घडवणारा रोग, सैन्यांत पसरला तेव्हा लिंबाचा रस आणि मोड आलेली कडधान्ये यांची तुलना करणारे निरीक्षण १९१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले, आणि त्यात मोडांची उपयुक्तता ठळकपणे दिसली. ताजी फळे-भाज्या न पोचणाऱ्या प्रदेशात मूठभर कोरडे कडधान्य आणि पाणी यांतून हे जीवनसत्त्व मिळवता येते, ही मोठी सोय आहे. फायटिक आम्ल घटल्याने आणि क जीवनसत्त्व वाढल्याने दाण्यातील लोहही अधिक प्रमाणात शोषले जाते. ज्या देशात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे, तेथे मोडाचे मूग लिंबू पिळून खाण्याची सवय क्षुल्लक म्हणता येणार नाही.

तथापि मोड आणल्याने सगळा पहारा उठतो, हा समज चुकीचा आहे. सर्वांत स्पष्ट उदाहरण राजम्याचे. लाल राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचे लेक्टिन इतक्या प्रमाणात असते की चार-पाच कच्चे दाणेही तीव्र मळमळ, उलट्या आणि जुलाब घडवू शकतात, आणि हा त्रास खाल्ल्यापासून एक ते तीन तासांत सुरू होतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोंदवलेल्या मापानुसार या द्रव्याची पातळी कच्च्या लाल राजम्यात २० हजार ते ७० हजार एकके, तर पूर्ण शिजलेल्या राजम्यात २०० ते ४०० एकके असते. राजमा किमान पाच तास भिजवून, पाणी बदलून, खळखळत्या उकळीवर निदान दहा मिनिटे शिजवल्याने हे द्रव्य निष्प्रभ होते. मंद आचेच्या भांड्यात ८० अंशांपर्यंतच तापलेला राजमा मात्र कच्च्यापेक्षाही अधिक बाधक ठरल्याचे आढळले आहे. याचा अर्थ असा की अर्धवट उष्णता उपयोगाची नाही, आणि ४८ अंशांची मर्यादा तर या दाण्यासाठी सरळ धोक्याची आहे. सोयाबीनची गोष्टही निराळी नाही. १९१७ मध्ये ऑस्बोर्न आणि मेंडेल या अमेरिकी संशोधकांनी दाखवून दिले की कच्च्या सोयाबीनवर उंदरांची वाढ नीट होत नाही आणि तेच सोयाबीन शिजवून दिल्यावर होते. त्यामागे ट्रिप्सिन अडवणाऱ्या द्रव्यांचा मोठा वाटा असल्याचे पुढील संशोधनातून स्पष्ट झाले.

काही दाण्यांत मोड येण्याच्या क्रियेनेच विष वाढते, ही बाब कच्च्या आहाराच्या पुस्तकांत क्वचितच येते. ज्वारीच्या कोवळ्या रोपात धुरिन नावाचे द्रव्य असते आणि चावल्यावर किंवा ठेचल्यावर त्यातून हायड्रोसायनिक आम्ल सुटते. कोवळी, विशेषतः पाण्याच्या ताणात खुरटलेली ज्वारी खाल्ल्याने गुरे दगावतात, हे महाराष्ट्रातील शेतकऱ्याला कोणत्याही प्रयोगशाळेशिवाय माहीत आहे. कोरड्या ज्वारीच्या दाण्यात हे द्रव्य अत्यल्प असते, पण मोड आल्यावर कोंब व मुळांत ते भराभर वाढते. म्हणून ‘मोड आले की दाणा निर्मळ झाला’ हा नियम सार्वत्रिक नाही. उलट, उष्णतेने सर्व विषे जातात असेही नाही. पूर्व विदर्भात पिकणाऱ्या लाखोळी डाळीत असलेले, दीर्घकाळ व अति सेवनाने पायांचा लुळेपणा आणू शकणारे अमिनो आम्ल नेहमीच्या शिजवण्याने पूर्णपणे निघून जात नाही. ते कमी करण्यासाठी डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी टाकावे लागते आणि मुख्य म्हणजे त्या एकाच डाळीवर महिनोन्‌महिने राहणे टाळावे लागते. थोडक्यात, अग्नी हा सर्वज्ञ तारक नाही आणि मोड हाही नाही. कोणत्या दाण्यात काय आहे आणि ते कशाने जाते, हेच जाणावे लागते.

पारंपरिक स्वयंपाकाने हा विवेक शास्त्रीय शब्दांवाचून सांभाळलेला दिसतो. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला होणारी आंबेडाळ म्हणजे भिजवून जाडसर वाटलेली हरभऱ्याची डाळ. तिच्यात कैरीचा कीस घालून वरून फोडणी देतात, पण डाळ स्वतः शिजवलेली नसते. अनंतचतुर्दशीच्या प्रसादाची वाटली डाळ त्याच भिजवलेल्या डाळीची असूनही ती कढईत परतून, वाफ आणून मोकळी केली जाते. मुगाची भिजवलेली डाळ कोशिंबिरीत कच्ची जाते. तालमीतले पहिलवान भिजवलेले हरभरे खातात. शेतात सोललेले ओले हरभरे आणि मटार सहज तोंडात टाकले जातात. कडवे वाल मात्र भिजवून, मोड आणून, एकेक दाणा सोलून आणि मग शिजवूनच बिरड्यात येतात. राजमा, घेवडा, तूर, उडीद कच्चे खाण्याची रीत कोठे रुजलेली नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की आंबेडाळ वाटीभर खाल्ली जाते, ताटभर नव्हे, आणि तिच्याभोवतीचे बाकीचे जेवण शिजलेलेच असते. कच्च्या कडधान्याला परंपरेने जागा दिली, पण तोंडी लावण्याची. पोट भरण्याची जबाबदारी तिने त्याच्यावर टाकली नाही.

तृणधान्यांच्या बाबतीत ही वाट अधिकच अरुंद होते. घरात न शिजवता खाल्ले जाणारे बहुतेक धान्यपदार्थ आधीच अग्नीतून आलेले असतात : पोहे करताना भात गरम पाण्यात भिजवून भाजला जातो, लाह्या भट्टीत फुटतात, सातूचे पीठ भाजलेल्या धान्याचे असते, हुरडा आगटीत भाजला जातो, आणि बाजारातील चपटे ओट्सही वाफवूनच लाटलेले असतात. खऱ्या अर्थाने कच्चे उरतात ते मोड आलेले गहू, भिजवलेला राजगिरा किंवा कुट्टू असे थोडे पदार्थ. त्यांतील गहू आणि इतर तृणधान्यांचे कच्चे पिष्ट कच्च्या बटाट्याच्या किंवा हिरव्या केळ्याच्या पिष्टापेक्षा अधिक पचते, हे खरे. तरीही शिजलेल्या धान्याच्या मानाने ते सावकाश आणि अपुरे पचते, आणि न पचलेला भाग मोठ्या आतड्यात जाऊन तेथील जिवाणूंचे खाद्य होतो. अल्प प्रमाणात हे हितकर आहे, कारण त्यातून आतड्याच्या अस्तराला उपयोगी पडणारी आम्ले तयार होतात. परंतु दिवसभराची ऊर्जा ज्याच्यातून मिळवायची तेच अन्न अर्धवट पचत असेल, तर मोजून घेतलेले उष्मांक आणि शरीराला प्रत्यक्ष मिळालेले उष्मांक यांत अंतर पडते. सुश्रुतसंहितेत मोड आलेले धान्य पचायला जड आणि विष्टंभ करणारे, म्हणजे मलवातास अडवणारे, मानले आहे. त्या निरीक्षणाची भाषा वेगळी असली तरी त्यातील अनुभव आजच्या ज्ञानाशी विसंगत नाही.

कच्च्या आहाराच्या समर्थनार्थ दिला जाणारा सर्वांत लोकप्रिय युक्तिवाद विकरांचा आहे. अमेरिकेतील एडवर्ड हॉवेल यांनी असे मांडले की कच्च्या अन्नातील विकर पचनास हातभार लावतात आणि शिजवलेल्या अन्नामुळे शरीराचा विकरांचा मर्यादित साठा संपत जातो. या मांडणीत एक अर्धसत्य आणि एक चूक एकत्र आली आहे. मोड येताना दाण्यातील विकर काम करतात हे खरे. पण ते काम फडक्यात बांधलेल्या मुगात, खाण्यापूर्वी होते. पोटात गेल्यावर हे विकर, स्वतः प्रथिनेच असल्यामुळे, जठरातील तीव्र आम्लात बहुतांशी विघटित होतात आणि इतर प्रथिनांप्रमाणेच पचवले जातात. शरीराला पाचक विकरांचा जन्मभराचा ठरावीक साठा मिळालेला असतो, याला शरीरक्रियाशास्त्रात आधार नाही. स्वादुपिंड ते आयुष्यभर नव्याने तयार करत राहते.

या युक्तिवादामागे अधिक जुनी अशी ‘जिवंत अन्ना’ची कल्पना उभी आहे. झुरिकचे डॉक्टर माक्सिमिलियन बिर्चर-बेनर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी कच्ची फळे, ओट्स आणि सुकामेवा यांचा आहार रुग्णांना दिला. आज म्यूसली नावाने विकला जाणारा पदार्थ त्यांचीच देणगी. वनस्पतींत साठलेले सूर्याचे तेज शिजवल्याने उणावते, अशी त्यांची धारणा होती. बॉस्टनमध्ये अ‍ॅन विगमोर यांनी मोड आणि गव्हांकुराचा रस यांना याच ‘जिवंत’पणाचे अधिष्ठान दिले. परंतु सजीव पेशीत काही गूढ प्राणशक्ती असते आणि तिच्यावाचून जैविक क्रिया घडत नाहीत, या मताला १८९७ मध्येच तडा गेला होता : एडुआर्ड बुखनर यांनी यीस्टच्या पेशी भरडून काढलेल्या, एकही जिवंत पेशी नसलेल्या रसानेही साखर आंबते हे दाखवले आणि त्यासाठी त्यांना १९०७ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या कल्पनेचा भारतीय संदर्भ तर तिच्या बरोबर उलट आहे. मोड आलेल्या धान्यात जीव जागा झाला, एवढ्याच कारणासाठी अनेक जैन कुटुंबे ते टाळतात, आणि जैन साधू-साध्वी अचित्त, म्हणजे निर्जीव झालेलेच अन्न आणि उकळलेले पाणी स्वीकारतात. अन्नात जीव असणे हे एका परंपरेला खाण्याचे कारण वाटते आणि दुसरीला न खाण्याचे. यावरून एवढे निश्चित होते की हा प्रश्न श्रद्धेचा व आचाराचा आहे आणि त्यातून पोषणाचा निष्कर्ष काढता येत नाही.

भारतात या आहाराची सर्वांत प्रामाणिक परीक्षा महात्मा गांधींनी केली. १९२९ मध्ये त्यांनी अग्नीचा स्पर्श न झालेल्या अन्नाचा प्रयोग सुरू केला आणि त्याची माहिती ‘यंग इंडिया’त दिली. मोड आलेले गहू व हरभरे, वाटलेले बदाम, नारळाचे दूध, पालेभाजी आणि लिंबू असे त्या आहाराचे स्वरूप होते. आजच्या भाषेत हा धान्य-कडधान्ययुक्त कच्चा आहार विचारपूर्वक आखलेला होता. काही महिन्यांतच आमांशाने त्रस्त होऊन त्यांना तो थांबवावा लागला आणि बकरीच्या दुधाकडे परतावे लागले. एका व्यक्तीच्या अनुभवावरून सिद्धान्त रचता येत नाही. तथापि प्रयोग फसल्याचेही त्यांनी जाहीर केले, ही वृत्ती या विषयातील बहुसंख्य प्रचारकांत आढळत नाही.

व्यक्तिगत अनुभवापलीकडचा पुरावा जर्मनीतून मिळतो. गिसेन येथील संशोधकांनी दीर्घकाळ कच्चा आहार घेणाऱ्या पाचशेहून अधिक स्त्री-पुरुषांचा अभ्यास करून १९९९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले : या आहारावर आल्यापासून पुरुषांचे वजन सरासरी १० किलोंच्या, तर स्त्रियांचे १२ किलोंच्या आसपास घटले होते, आणि ४५ वर्षांखालील स्त्रियांपैकी सुमारे ३० टक्क्यांची मासिक पाळी अनियमित किंवा बंद झाली होती. वजन घटणे हे स्थूल व्यक्तीला लाभाचे वाटेल; पण पाळी बंद होणे ही शरीराला प्रजननापुरतीही ऊर्जा शिल्लक राहत नसल्याची खूण आहे. २००५ मध्ये अमेरिकेत सेंट लुईस येथे कच्च्या शाकाहारींच्या एका लहान गटाची तपासणी झाली तेव्हा त्यांच्या हाडांची घनता कमी आढळली. हार्वर्डचे मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड रँगम यांनी २००९ च्या आपल्या ग्रंथात या प्रकारच्या पुराव्यांवरून असे प्रतिपादन केले की शिजवलेल्या अन्नामुळेच मानवाचे आतडे लहान आणि मेंदू मोठा होऊ शकला. त्यांच्या कालगणनेवर, म्हणजे मानवाने अग्नी नेमका केव्हा आटोक्यात आणला यावर, पुरातत्त्वज्ञांत मतभेद आहेत. मात्र आजच्या मानवाची पचनसंस्था शिजलेल्या अन्नाला जुळलेली आहे, या मुद्द्याला त्या वादाने बाध येत नाही.

मोडांबाबत आणखी एक धोका आहे आणि तो दाण्याच्या रसायनातला नसून परिसरातला आहे. ऊब आणि ओलावा यांवर जसा मोड वाढतो तसेच जिवाणूही वाढतात, आणि बियांच्या सालीतील सूक्ष्म भेगांत दडलेले जिवाणू नुसते धुतल्याने निघत नाहीत. २०११ मध्ये जर्मनीत ई. कोलाय या जिवाणूच्या एका घातक प्रकाराची साथ पसरली; सुमारे ३,८०० लोक आजारी पडले, पन्नासहून अधिक दगावले, आणि तपासाचा माग मेथीच्या मोडांपर्यंत पोचला. युरोपीय यंत्रणांनी त्या बियांची आयात इजिप्तमधून झाल्याचे शोधून काढले. शिजवलेल्या उसळीत हा धोका उकळीसरशी संपतो. कच्चे मोड खाणाऱ्याने म्हणून पेरणीसाठी औषध चोळलेले बियाणे कधीही वापरू नये, पिण्याच्या पाण्याने वारंवार धुवावे, आंबूस वास किंवा बुळबुळीतपणा आल्यास मोड टाकून द्यावेत आणि तयार मोड शीतकपाटात ठेवून लवकर संपवावेत. गरोदर स्त्रिया, लहान मुले, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती खालावलेले रुग्ण यांनी कच्चे मोड टाळून ते वाफवून घेणे हेच इष्ट.

इतक्या मर्यादा ध्यानात घेऊनही कोणा निरोगी प्रौढाला कच्चा व्हीगन आहार स्वीकारायचा असेल, तर त्याची रचना कशी असावी, याचे उत्तर देणे शक्य आहे. मूग, मटकी, मसूर आणि हरभरा ही मोडासाठी तुलनेने सुरक्षित कडधान्ये होत. कोरड्या मुगात १०० ग्रॅममागे सुमारे २४ ग्रॅम प्रथिने असतात. मोड आल्यावर वजन पाण्यामुळे दुपटीहून जास्त होते, म्हणून १०० ग्रॅम मोडांतून त्याच्या निम्म्याहून कमी प्रथिने मिळतात. वाटीभर मोड खाऊन प्रथिनांची गरज भागली असे मानणारे लोक हा हिशेब विसरतात. दिवसभरात दोन-तीन वेळा विभागून १०० ग्रॅम कोरड्या कडधान्याचे मोड, ५० ग्रॅम भिजवलेले शेंगदाणे व तीळ आणि ७५ ग्रॅम गव्हाचे मोड घेतल्यास कागदावर ४५ ग्रॅमच्या आसपास प्रथिने जमतात. उरलेली पाला, फळे व सुकामेवा यांतून येतात. पचनातील घट लक्षात घेता एवढ्यावर काठाकाठानेच भागते. प्रत्येक वेळी लिंबू, आवळा, पेरू यांसारखे क जीवनसत्त्वाचे पदार्थ सोबत असावेत आणि जेवणालगत चहा नसावा, म्हणजे लोह शोषले जाईल. मोडांचे प्रमाण आठवड्या-आठवड्याने वाढवावे, कारण आतड्यातील जिवाणूंना जुळवून घ्यायला वेळ लागतो. राजमा, घेवडा, वाल, सोयाबीन यांना या आहारात स्थान नाही, आणि ज्वारीचे मोड कच्चे खाऊ नयेत.

एवढे काटेकोर नियोजन केले तरी ब-१२ जीवनसत्त्व त्यात येत नाही, कारण ते जिवाणू तयार करतात आणि वनस्पतिजन्य अन्नातून ते विश्वासार्हपणे मिळत नाही. स्पिरुलिनासारख्या शेवाळांत असलेले त्याचे रूप मानवी शरीराला बहुतांशी निरुपयोगी असते. पुण्यातील केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी केलेल्या, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मध्यमवयीन पुरुषांपैकी सुमारे दोन तृतीयांशांत ब-१२ ची पातळी कमी आढळली होती, आणि हे लोक कच्चा आहार घेणारे नव्हते, दूध पिणारे शाकाहारीही त्यांत होते. दूधही सोडणाऱ्याने या जीवनसत्त्वाची गोळी घेतलीच पाहिजे, यावर आहारतज्ज्ञांत दुमत नाही. म्हणजे निसर्गात जसे मिळते तसेच खाण्याचे तत्त्व सांगणारा आहार अखेर कारखान्यात बनलेल्या गोळीवाचून पूर्ण होत नाही. यात लाजिरवाणे काही नाही; मात्र ‘नैसर्गिक’ हा शब्द मग युक्तिवाद म्हणून वापरण्याचा अधिकार उरत नाही.

कच्च्या आहाराचे समर्थक यावर म्हणतील की आजचे शिजवलेले अन्न तरी कोठे निर्दोष आहे? मैदा, साखर आणि वारंवार तापवलेले तेल यांनी भरलेल्या आहारापेक्षा मोड व फळे केव्हाही बरी. हा आक्षेप योग्य आहे, पण त्याचा रोख चुकलेला आहे. मैद्याच्या बिस्किटातला दोष अग्नीचा नाही; कोंडा व अंकुर काढून टाकण्याचा, साखर व स्निग्धांश भरण्याचा आहे. कच्च्या आहाराकडे वळलेल्या अनेकांना सुरुवातीला बरे वाटते ते बव्हंशी या पदार्थांपासून सुटका झाल्यामुळे आणि तंतुमय पदार्थ वाढल्यामुळे. तेच लाभ भाकरी, उसळ, पालेभाजी आणि कोशिंबीर यांच्या साध्या जेवणानेही मिळतात. शिजवताना क जीवनसत्त्व व काही ब जीवनसत्त्वे घटतात, हे मान्य करून त्यावर उपायही त्याच ताटात ठेवता येतो : उसळ शिजलेली आणि तिच्यावर पिळलेले लिंबू, बारीक चिरलेला कांदा व कोथिंबीर कच्ची.

न शिजवलेल्या अन्नावर राहण्याची वाट भारतीय परंपरेला अपरिचित नव्हती. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात वानप्रस्थी माणसाचे प्रकार सांगताना अग्नीवर शिजवलेले खाणारा, काळाने आपोआप पिकलेलेच खाणारा, दगडाने ठेचून खाणारा आणि दातांनाच उखळ मानणारा, असे भेद केले आहेत. पण ही वाट संसाराची कर्तव्ये संपवलेल्या, देह क्षीण करण्यास सिद्ध झालेल्या माणसासाठी होती. वाढत्या मुलाला, बाळंतिणीला किंवा शेतात राबणाऱ्याला कोणी ती सांगितली नाही. देह झिजवणे हेच जिचे साध्य होते, ती साधना देह सुदृढ ठेवण्याचा उपाय म्हणून मांडणे हे आधुनिक कच्चाहाराने केलेले मोठे स्थलांतर आहे, आणि त्याची सिद्धता देण्याची जबाबदारीही त्याच्यावरच येते. आजवरचा पुरावा ती सिद्धता देत नाही. प्राण्यांना इजा न करता जगण्याचा नैतिक आग्रह मात्र यामुळे किंचितही दुबळा होत नाही. उलट, ज्याला दूध-मांस सोडायचे आहे त्याने डाळी, कडधान्ये व धान्ये निःसंकोच शिजवावीत, म्हणजे त्याचा आग्रह शरीराला परवडेल. व्हीगन माणसाला चुलीची गरज इतरांपेक्षा अधिकच आहे, आणि दोन निषेधांपैकी एकच पाळायचा असेल तर कोणता सोडावा याचे उत्तर त्यातच मिळते.